फुटलेल्या बँडमधून नवा इंडी बँड: पहिल्या बैठकीपासून पहिल्या गिगपर्यंत (स्टेजवरच्या कार्यक्रमापर्यंत)

इंडी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकमधले कितीतरी नावाजलेले बँड कोऱ्या पाटीने सुरू झालेले नाहीत. मायनर थ्रेट १९८३ साली बंद पडला, राइट्स ऑफ स्प्रिंग १९८६ मध्ये मोडला, आणि या दोन्हींतल्या माणसांमधून वॉशिंग्टन डीसीत फुगाझी उभा राहिला. डीप वूंड हा हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक) बँड १९८४ मध्ये संपला आणि त्यातल्याच दोघांनी पुढे डायनोसॉर ज्युनियर काढला. हेवन्स टू बेट्सीची कॉरिन टकर आणि एक्सक्यूज १७ ची कॅरी ब्राउनस्टीन १९९४ मध्ये ओलिम्पियात एकत्र वाजवायला लागल्या, तेव्हा स्लीटर-किनी हे त्यांचं जोडकाम होतं. मूळ बँड थांबल्यावर तेच मुख्य झालं.

अशा बँडचा फायदा उघड आहे. कुणालाही अ‍ॅम्प (वाद्याचा आवाज वाढवणारं यंत्र) लावण्यापासून शिकवावं लागत नाही, स्टेजची भीती मोडलेली असते, आणि बँड कशाने मोडतो हे प्रत्येकाने जवळून पाहिलेलं असतं. धोकाही तिथेच आहे. प्रत्येक जण जुन्या बँडचा आवाज, सवयी आणि दुखावलेपण सोबत घेऊन येतो. दोन बँडच्या चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरा चांगला बँड होतो, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. प्रत्येकाने काहीतरी सोडल्याशिवाय नवा आवाज सापडत नाही. काय सोडायचं, ते ठरवत जाण्याचा हा क्रम आहे.

जुना हिशेब आधी मिटवा

पहिली बैठक वाद्यांशिवाय घ्या. प्रत्येकाने आपला जुना बँड का मोडला ते थोडक्यात सांगायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. 'बाकीचे आळशी होते' एवढंच उत्तर देणाऱ्याला नंतर एकट्याला गाठून पुन्हा विचारा. 'आम्ही पैशांबद्दल कधी बोललोच नाही', 'गाणी एकटाच लिहायचा आणि बाकीच्यांना नुसतं वाजवायला लावायचा' अशी नेमकी उत्तरं आली तर ती लिहून ठेवा. नव्या बँडचे नियम याच उत्तरांतून निघतील.

त्यानंतर जुन्या बँडचं काय काय अजून लटकलेलं आहे ते पाहा. सगळ्यात किचकट भाग गाण्यांचा. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेवर, म्हणजे चाल आणि शब्दांवर, आणि दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगवर. तुमच्या गिटारिस्टने जुन्या बँडमध्ये रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) बनवला आणि शब्द दुसऱ्याने लिहिले असतील, तर ते गाणं एकट्याचं नाही. शब्द काढून टाकून फक्त रिफ नव्या गाण्यात घ्यायचा असला, तरी जुन्या साथीदाराला सांगून त्याचा होकार लेखी घ्या. एक छोटा मेसेज पुरतो, पण तो जपून ठेवा. रेकॉर्डिंग लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) मालकीचं असेल तर ते परस्पर पुन्हा अपलोड करू नका.

जुन्या बँडची खाती कुणाच्या ताब्यात आहेत, स्ट्रीमिंगचं उत्पन्न कुठे जमा होतं, एकत्र घेतलेला मिक्सर किंवा पीए (कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा) कुणाच्या घरी आहे, प्रॅक्टिस रूमचं भाडं थकलंय का, हेही याच वेळी संपवून टाका. या गोष्टी किरकोळ वाटतात, पण नव्या बँडच्या पहिल्या चार ओळी लोकांनी वाचल्या की जुने साथीदार नेमके याच विषयावर फोन करतात.

नावाबाबत जॉय डिव्हिजनचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुणी एक जण जरी गेला तरी नाव सोडायचं, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिसच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांनी ते पाळलं आणि न्यू ऑर्डर या नावाने सुरुवात केली. काही महिन्यांतच जिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. त्यांचं पहिलं सिंगल मात्र जॉय डिव्हिजनच्या काळात रचलेलं गाणं होतं. म्हणजे नाव सोडलं तरी गाणं सोबत नेता येतं, फक्त ते नेण्याचा हक्क सगळ्यांना मान्य हवा. याच बँडमधून २००७ मध्ये पीटर हुक बाहेर पडला, तेव्हा नावाच्या उत्पन्नाचा वाद कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये समझोता होऊन मिटला. इतक्या जुन्या मित्रांमध्येही हे होऊ शकतं.

माणसं निवडताना

एकाच जुन्या बँडमधले तिघे आणि बाहेरचा एक, ही रचना शक्यतो टाळा. तिघांचे इशारे, विनोद, वाजवण्याची पद्धत आधीच जुळलेली असते आणि चौथा कायम पाहुणा राहतो. दोन आणि दोन, किंवा तीन वेगवेगळ्या बँडमधले तिघे, हे जास्त चांगलं चालतं. तिघे एकत्रच येणार असतील तर चौथ्याला सुरुवातीलाच मोठं काम द्या: पहिली दोन गाणी त्याच्या कल्पनेपासून सुरू करा.

दुसरी गोष्ट, वाद्यं बदलून पाहा. डीप वूंडमध्ये जे मॅसिस ड्रम वाजवायचा आणि लू बार्लो गिटार. नव्या बँडमध्ये मॅसिस गिटारवर आला, बार्लो बेसवर, आणि ड्रमसाठी मर्फ आला. ड्रमर गिटार वाजवायला लागला की त्याच्या रिदमला वेगळीच पकड येते, आणि गिटारिस्ट बेसवर गेला की तो फक्त मूळ सूर न धरता चाली वाजवतो. त्या बँडच्या आवाजात हे सरळ ऐकू येतं. तुमच्यापैकी कुणाला दुसरं वाद्य बऱ्यापैकी येत असेल तर दोन प्रॅक्टिस त्यासाठी राखून ठेवा. नाही जमलं तर परत आपापल्या जागी जा.

सगळ्या जागा भरायलाच हव्यात असंही नाही. स्लीटर-किनीत बेस नाही, दोन गिटारी आहेत आणि त्या स्टँडर्ड ट्यूनिंगपेक्षा तीन सेमीटोन (दीड सूर) खाली लावलेल्या असतात. बेसिस्ट मिळत नाही म्हणून सहा महिने वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. फुगाझीत गाय पिचियोटो सुरुवातीला फक्त गायचा. गिटार त्याने नंतर हातात घेतली, तोवर बँडला एका गिटारवर उभं राहण्याची सवय झाली होती.

गायक सापडत नसेल तर मदर लव्ह बोनच्या माणसांनी केलं ते करा. गायकाच्या मृत्यूनंतर तो बँड १९९० मध्ये संपला. स्टोन गॉसर्ड आणि जेफ अ‍ॅमेंट यांनी नुसत्या वाद्यांचा डेमो बनवला, तो ओळखीतून सॅन डिएगोतल्या एडी व्हेडरपर्यंत पोचला, त्याने त्यावर शब्द लिहून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला आणि टेप परत पाठवली. त्यातून पर्ल जॅम झाला. आज हे करायला एक फाइल पुरते. उमेदवाराला जुन्या बँडचं गाणं गायला लावण्यापेक्षा तीन अर्धवट ट्रॅक पाठवा आणि आठवड्यात एकावर तरी काहीतरी गाऊन पाठवायला सांगा. त्याचा गळा कळेल, शब्द कळतील आणि दिलेली मुदत तो पाळतो का तेही कळेल.

वेळेबद्दल स्पष्ट विचारा. आठवड्याला किती संध्याकाळी मोकळ्या आहेत, गावोगाव फिरायची तयारी आहे का, दुसरा बँड सुरू आहे का. 'बघू' हे उत्तर नकार समजा.

पहिल्या प्रॅक्टिस

इथे घाई करू नका, बँडचा आवाज याच चार-सहा बैठकींत ठरतो.

पहिला नियम: कुणाचंही जुनं गाणं वाजवायचं नाही. हात आपोआप तिकडे वळतात. ट्यूनिंग झालं की कुणीतरी ओळखीचा रिफ छेडतो, ड्रमर त्यात शिरतो आणि पाऊण तास त्यातच जातो. तो पाऊण तास मजेचा असतो, पण दुसऱ्या बँडमधून आलेला माणूस तेवढा वेळ कोपऱ्यात उभा राहतो. गंमत म्हणून कव्हर (दुसऱ्या बँडचं गाणं) वाजवायचंच असेल तर असं घ्या जे कुणाच्याच जुन्या सेटलिस्टमध्ये नव्हतं.

ट्यूनिंगचा प्रश्न लगेच येतो. एक जण स्टँडर्डमध्ये वाजवणारा, दुसरा जुन्या बँडमुळे कायम अर्धा सूर खाली, तिसऱ्याच्या हातात ड्रॉप डी, म्हणजे फक्त जाड तार एक सूर खाली. एकच मूळ ट्यूनिंग ठरवा आणि ते गायकाच्या गळ्यावरून ठरवा, गिटारिस्टच्या सवयीवरून नाही. गायकाचा सगळ्यात जोरकस सूर कुठे लागतो ते पाहा आणि कोरस (ध्रुवपद) तिथे येईल असं करा. दीड-दोन सूर खाली जाणार असाल तर जाड तारा लावाव्या लागतील. दहाच्या सेटवर (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) तारा सैल पडतात, जोरात छेडल्यावर सूर क्षणभर वर चढतो आणि दोन गिटारी एकमेकींशी भांडतात. तारांची जाडी बदलली की नेक आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) पुन्हा लावून घ्या. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तार नुसती हलके स्पर्शून काढलेला सूर) ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत.

मग आवाजाची पातळी. बंद खोलीत ड्रमचा आवाज कमी करता येत नाही, म्हणून तोच आधार धरा. आधी नुसते ड्रम आणि बेस वाजवा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस वेगवेगळे ऐकू येईपर्यंत बेसचा टोन बदला. मग गायकाचा आवाज आणा, आणि गिटारी शेवटी, शब्द कळतील इतक्याच. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर आवाज पोटरीला लागतो आणि वाजवणारा तो वाढवत बसतो. खुर्चीवर किंवा तिरका ठेवून कानाकडे वळवला की तोच माणूस स्वतःहून आवाज कमी करतो. गायकाचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर मागे ठेवा. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) माइकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे फीडबॅक टळतो.

कानांबद्दल हलगर्जी नको. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने आखलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात, आणि छोट्या खोलीतला रॉक बँड तिथे सहज पोचतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या. ते उंच आणि खालच्या सगळ्याच सुरांचा आवाज साधारण सारखा कमी करतात, त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटत नाही.

जॅमला मर्यादा घाला. 'चला, काहीतरी वाजवू' यातून बहुतेक वेळा एकाच कॉर्डवरचा पंधरा मिनिटांचा गोंगाट निघतो. त्याऐवजी दर वेळी एक अट ठेवा: आज गिटारवर फक्त दोन तारा, आज ड्रमरने सिम्बल वापरायचेच नाहीत, आज बेसने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी आठ बार (आवर्तनं) गप्प राहायचं. जुन्या सवयी मोडायला याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. ड्रमरच्या हातून क्रॅश सिम्बल काढून घेतला की तो कोरस मोठा करण्यासाठी दुसरा उपाय शोधतो, फ्लोअर टॉमकडे (जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या ड्रमकडे) जातो, आणि तिथे गाण्याचा वेगळाच चेहरा दिसतो.

फोन खोलीच्या मधोमध, अ‍ॅम्पपासून लांब ठेवून सगळं रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने ऐकून चांगले वाटलेले तुकडे मिनिट-सेकंदासह ग्रुपवर टाकायचे. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच तुकडा निवडला तर ते तुमचं पहिलं गाणं समजा.

गाणी बांधताना

दोन बँडमधून दोन लीड गिटारिस्ट आले असतील तर दोघेही त्याच जागेत, त्याच कॉर्डच्या आकारात, तेवढ्याच गेनवर (आवाज किती खरखरीत करायचा त्या मापावर) वाजवतात. मिक्समध्ये मग एकच जाड भिंत ऐकू येते. एकाने फ्रेटबोर्डचा वरचा भाग घ्यावा, दुसऱ्याने खालचा. एकाचा गेन निम्मा करा. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झच्या आसपास आणि बेसची ४१ च्या आसपास असते, त्यामुळे गिटारच्या अ‍ॅम्पवरचा बास नॉब कमी केला की बेसिस्टला जागा मिळते. एकटी गिटार ऐकली तर ती पातळ वाटेल. तिकडे दुर्लक्ष करा, बँडसोबत ती बरोबर बसते.

प्रत्येक गाण्याचा टेम्पो लिहून ठेवा. पंक किंवा हार्डकोर बँडमधून आलेला ड्रमर कोरस आला की पुढे पळतो आणि संथ बँडमधून आलेला मागे ओढतो. कुणाचं चुकलं यावर वाद घालण्यापेक्षा फोनवरच्या रेकॉर्डिंगशी मेट्रोनोम लावून पाहा. थोडा वेग वाढणं गाण्याला शोभत असेल तर ते मुद्दाम ठेवा, पण ते सगळ्यांनी ठरवून केलेलं असू द्या.

आठ गाणी तयार झाली की थांबा आणि ती ओळीने ऐका. ज्या गाण्यावर 'हे तर अमुक बँडचंच वाटतंय' असं बाहेरचा ऐकणारा म्हणेल, ते बाजूला ठेवा. ते वाईट असेलच असं नाही, पण पहिल्या ओळखीसाठी ते योग्य नाही.

नाव

नाव ठरवायला आठवडाभर द्या, महिना नको. स्लीटर-किनीने प्रॅक्टिसच्या जागेजवळच्या रस्त्याचं नाव घेतलं, आणि पुढे ते कुणी विचारतही नाही. इतकंच पाहा की ते नाव आधी कुणी वापरत नाही ना. स्ट्रीमिंग सेवांवर, सोशल मीडियावर आणि ट्रेडमार्कच्या नोंदींत शोधा. डायनोसॉर ज्युनियर आधी नुसताच डायनोसॉर होता. द डायनोसॉर्स नावाच्या दुसऱ्या बँडने हरकत घेतल्यावर त्यांना मागे शब्द जोडावा लागला. पर्ल जॅमही सुरुवातीला मूकी ब्लेलॉक या बास्केटबॉल खेळाडूच्या नावाने वाजवत होता आणि करार झाल्यावर नाव बदललं. जुन्या दोन बँडची नावं जोडून तिसरं बनवू नका, ऐकणारा मग दोन्हींशी तुलनाच करत राहतो.

कागदावर काय हवं

एक पान पुरे. रचनेचा वाटा कसा विभागायचा: सगळ्यांना समान, की गाणं आणणाऱ्याला जास्त? माझा कल समान वाट्याकडे आहे, विशेषतः गाणी खोलीत एकत्र घडत असतील तर. पण काहीही ठरवलं तरी प्रत्येक गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी वाटा लिहून सही करा, सहा महिन्यांनी कुणालाच नेमकं आठवत नाही. नाव कुणाचं, एक जण गेला तर ते कुणी वापरायचं, गेलेल्याला जुन्या गाण्यांचा वाटा मिळत राहील का, एकत्र घेतलेल्या सामानाचं काय, खर्चाला किती जणांची संमती लागेल, हे त्याच पानावर घ्या. पहिल्या बैठकीत लिहून ठेवलेल्या तक्रारी इथे काढा आणि प्रत्येकीला एक नियम शोधा.

डेमो

तीन गाणी पुरेत. ड्रम आणि बेस एकाच खोलीत एकत्र वाजवून घ्या, गिटारी आणि आवाज नंतर. आठ इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) आणि ड्रमवर चार माइक यात चांगला डेमो होतो: किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले माइक). दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते दोरीने मोजा, नाहीतर स्नेअर पोकळ ऐकू येतो. पुढे रिलीज करताना प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड लागतो. बहुतेक डिस्ट्रिब्युटर (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणारे) तो देतात, तो तुमच्याकडे नोंदवून ठेवा.

कुणाचा भाग पुन्हा वाजवायचा झाला तर आधी त्याच्याशी बोला. फू फायटर्सच्या पहिल्या अल्बमवर डेव्ह ग्रोलने जवळजवळ सगळी वाद्यं एकट्याने वाजवली होती. मग त्याने नुकत्याच मोडलेल्या सनी डे रिअल इस्टेटमधून नेट मेंडेल आणि विल्यम गोल्डस्मिथ यांना घेतलं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी गोल्डस्मिथचे ड्रम ग्रोलने स्वतः पुन्हा वाजवले आणि १९९७ मध्ये गोल्डस्मिथ बाहेर पडला. ड्रमचा ट्रॅक सुधारेलही, पण जो माणूस एकदा बँड मोडताना पाहून आलाय त्याला न सांगता पुसणं फार महागात पडतं.

पहिला गिग

पहिला सेट २५ मिनिटांचा ठेवा, सहा-सात गाणी. पोस्टरवर 'पूर्वीचे अमुक' लिहावं का, हा प्रश्न येतोच. माझं मत: पहिल्या दोन गिगना छोट्या अक्षरात लिहा, त्यानंतर काढून टाका. जुने चाहते येतील आणि जुनं गाणं मागतील. वाजवायचं नाही हे आधीच ठरवा आणि ते माइकवर कोण सांगणार तेही ठरवा, म्हणजे स्टेजवर एकमेकांकडे बघायची वेळ येणार नाही.

सेटलिस्ट बनवताना एका ट्यूनिंगची गाणी सलग घ्या, ट्यूनिंग बदलायची जागा एकच ठेवा आणि तिथे ड्रम-बेसने वाजवत राहावं. साउंडचेकला पूर्ण गाणं न वाजवता सगळ्यात मोठा कोरस आणि सगळ्यात हळू व्हर्स (कडवं) वाजवा, इंजिनियरला दोन्ही टोकं कळतात. मिक्सरवरून थेट रेकॉर्डिंग मिळत असेल तर मागून घ्या.

दोन दिवसांनी ते एकत्र बसून ऐका. प्रत्येकाने फक्त स्वतःच्या वाजवण्याबद्दल बोलायचं. सेटमधलं सगळ्यात कमजोर गाणं काढा, बाजूला ठेवलेल्यांपैकी किंवा नवीन एक आत घ्या, आणि दुसरा गिग महिन्याच्या आत ठरवा.